आबांचा मेल आणि फुगलेली गादी

"माझ्या हातून आजवर एक मेल हरवलेला नाही, आणि पुढेही हरवायचा नाही," असं पोस्टमास्तरनं सोमवारी सकाळी चहाचा कप हातात धरून सगळ्यांसमोर जाहीर केलं. असली वाक्यं माणसानं निदान बसून बोलावीत. उभ्यानं बोललं की नशिबाला लांबूनही दिसतं.

पोस्टमास्तर म्हणजे टपाल खात्यातला नव्हे हं. गाद्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा आमचा हा गडी. ऑफिसचे सगळे मेल ज्या सर्व्हरमधून ये-जा करतात तो याच्या ताब्यात, म्हणून सगळे त्याला पोस्टमास्तर म्हणायचे आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. कामाला वाघ, स्वभावानं लोणी. खोड एकच. कोणी कौतुक केलं की तो विरघळायचा, आणि विरघळलेल्या अवस्थेत समोरचा म्हणेल ते कबूल करून बसायचा.

त्याचं झालं असं की कारखान्याचे मालक, आबा, मेलच्या संथपणाला वैतागले होते. आबा सत्तरी ओलांडलेले. टाइप करायचे एका बोटानं, आणि एवढी मेहनत करून 'पाठवा'वर बोट दाबलं की पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं.

"मी हळू लिहितो ते समजू शकतो, माझं वय झालंय," आबा म्हणाले. "पण तुझ्या मशिनला काय झालंय? ते तर कालचं पोर आहे."

खरं म्हणजे मशिनची काही चूक नव्हती. मेल सर्व्हर हा एक काटेकोर कारकून असतो. मेल हातात पडला की आधी तो डिस्कवर लिहून काढायचा, लिहिलेलं खरोखर उतरलं का ते बघायचं, आणि मगच पाठवणाऱ्याला पोच द्यायची, की बाबा, मिळालं. यात वेळ जातो. पण त्याच कारकुनाला असंही सांगता येतं की तू पोच आधी दे, मेल तात्पुरता डोक्यात ठेव, आणि डिस्कवर सवडीनं सगळं एकदम उतरव. मग कारभार वाऱ्यासारखा चालतो. धोका इतकाच, की मधल्या त्या काही क्षणांत वीज गेली तर कारकुनाच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. आणि पाठवणारा तर पोच मिळाली म्हणून केव्हाच निर्धास्त झालेला असतो.

पोस्टमास्तरला हे सगळं पाठ होतं. पण आबा म्हणाले, "तुझ्यासारखा हुशार माणूस मनावर घेईल तर काय अशक्य आहे?" झालं, लोणी वितळलं. रविवारी येऊन त्यानं सर्व्हरला 'पोच आधी, लिहिणं नंतर' असं शिकवून टाकलं. वीज जाण्याची भीती नव्हती, कारण सर्व्हरला मोठी बॅटरी होती. सोमवारी सकाळी ऑफिसात नुसता जल्लोष. बोट टेकायचा अवकाश, मेल पसार. हिशेबनीस तर कौतुकानं स्वतःलाच मेल पाठवत बसले. आणि त्याच भरात पोस्टमास्तरनं चहाच्या टेबलावर ते वाक्य उच्चारलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या सर्व्हरच्या खोलीत गेला. ही खोली पूर्वी नमुन्याच्या गाद्या ठेवायची होती, आणि अर्धी अजूनही होतीच. एका अंगाला टेबलावर सर्व्हर, दुसऱ्या अंगाला गुंडाळलेल्या गाद्या. हल्लीच्या फोमच्या गाद्या हवा काढून, दाबून, प्लास्टिकमध्ये वळकटी करून ठेवतात. दिसायला एवढीशी. पोट भरलेलं, मन प्रसन्न, खोलीत गारवा. घटकाभर पाठ टेकावी असं त्याच्या मनात आलं. एक वळकटी त्यानं जमिनीवर टेबलाशेजारी ठेवली आणि कात्रीनं प्लास्टिक फाडलं.

वळकटीवर 'डबल बेड' असं लिहिलं होतं. ते त्यानं नंतर वाचलं.

गादीनं एक दीर्घ श्वास घेतला आणि ती वाढायला लागली. आधी ती रुंदीला वाढली, मग तिला जाडी आली, मग तिनं पोस्टमास्तरला भिंतीशी रेटलं. तो एका बाजूनं तिला दाबायचा की ती दुसऱ्या बाजूनं उठायची. सुटलेल्या पोटावर शर्टाचं बटण लावण्यासारखा तो प्रकार होता. शेवटी गादीनं टेबलालाच खांदा लावला, टेबल सरकलं, आणि सर्व्हरची वायर बॅटरीतून अलगद निघून आली. बॅटरी शाबूत, भरलेली, हिरवा दिवा लागलेला. सर्व्हर मात्र गार.

पोस्टमास्तर गादीवर चढून पलीकडे उतरला. त्यानं वायर परत खोचली, सर्व्हर चालू केला, आणि कोणी विचारायच्या आत बाहेर येऊन सांगितलं, "जरा साफसफाई केली. काही गेलेलं नाही."

गेलं होतं. काय गेलं होतं ते त्या बिचाऱ्याला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकलेलं बरं. नेमक्या त्याच क्षणी आबांनी आपल्या आयुष्यातला सगळ्यात अवघड मेल पाठवला होता. महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय, माझ्यानंतर कारखाना माझी लेक सांभाळेल, असा. कित्येक दिवस एका बोटानं लिहिलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला. तो त्यांनी सगळ्यांना एकदम पाठवला, लेकीलाही. तिला आधी सांगितलं नव्हतं, कारण तिचा चेहरा खुललेला त्यांना बघायचा होता. पडद्यावर पोच आली. आबा डोळे पुसून खुर्चीत टेकून बसले आणि दाराकडे बघत राहिले.

कोणीच आलं नाही.

चार वाजता हिशेबनीस आले. आबा सावरून बसले. हिशेबनिसांनी धाग्याच्या रिळांची मागणी सहीला पुढे केली. "आता माझी सही कशाला?" आबा म्हणाले. हिशेबनिसांना वाटलं, रिळं जास्त मागवली म्हणून साहेब चिडले. त्यांनी मागणी निम्मी करून आणली. आबांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी घरी जेवताना लेक समोर बसली. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. विक्रीचा सगळा व्याप तीच बघायची. आबा वाट बघतायत, वाट बघतायत. ताई म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालंय का हो?" आबा नुसते "नाही" म्हणाले आणि पानावरून उठले. कारखाना तिला नकोच आहे, आणि तसं तोंडावर सांगवत नाही म्हणून ती गप्प आहे, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधून टाकली.

इकडे पोस्टमास्तरला दुसराच घोर लागला होता. बंद पडलेला सर्व्हर पुन्हा उठतो तेव्हा आपली डिस्क तपासतो, आणि अर्धवट उतरलेले जे तुकडे कुठले हेच कळत नाही ते एका वेगळ्या खणात टाकतो. हरवले-सापडले म्हणा ना. तुकड्यांवर ना पाठवणाऱ्याचं नाव, ना घेणाऱ्याचं. पोस्टमास्तरनं ते एकेक वाचून ज्याचे त्याला गुपचूप पोहोचते केले. 'फोमचा ट्रक उद्या येतो' हा गोदामात. 'माझी छत्री कोणी नेली' हा सगळ्यांनाच. शेवटी एक तुकडा उरला, ना शेंडा ना बुडखा. तो त्यानं दोनदा वाचला.

'...ज्या हातांनी इथली पहिली गादी शिवली ते हात आता कापतात. सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. म्हणून या महिन्याअखेर थांबायचं ठरवलं आहे. रागावू नका. तुम्ही सगळ्यांनी मला घरच्यासारखं...'

सुई, दोरा, शिवण. म्हणजे मावशीच. शिवणखात्याच्या प्रमुख, कारखान्यातल्या सगळ्यांच्या मावशी. आबांनी पहिली गादी स्वतः शिवली होती हे जुन्या माणसांना माहीत होतं. पोस्टमास्तर त्यांच्या मानानं काल आलेला. मावशी चालल्या, आणि त्यांचा निरोपाचा मेल आपण गादीखाली घातला, या विचारानं रात्री घरी त्याला घास गोड लागेना. त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"मग सरळ मावशींना विचार ना," बायको म्हणाली.

"विचारलं की त्या म्हणतील, मेल वाचला नाहीस का?"

"मग सांग, हरवला म्हणून."

"एका मेलचा पत्ता नाही म्हटलं की बाकीच्यांचाही हिशोब द्यावा लागेल."

"मग दे."

"तू ना, सगळं फार सोपं करून सांगतेस," असं म्हणून तो पाणी प्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मधला मार्ग काढला. हिशेबनिसांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "मावशी सोडून जायचं म्हणतायत. कोणाला बोलू नका. फक्त सगळे जरा प्रेमानं वागूया, म्हणजे त्यांचं मन बदलेल." हिशेबनिसांच्या पोटात गोष्ट राहायची म्हणजे चाळणीत पाणी राहायचं. जेवणापर्यंत कारखान्याच्या शेवटच्या टोकाला बातमी पोहोचली. बिनचूक, तीही कुठल्या सर्व्हरशिवाय.

मग मावशींवर प्रेमाचा जो काही मारा सुरू झाला, विचारू नका. त्यांच्या खुर्चीवर दोन उश्या आल्या. ऑफिसातला एकुलता चांगला पंखा शिवणखात्यात गेला. गोदामवाला येऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही ओरडता ना, ते फार बरं वाटतं." दोन मुलींनी सुईत दोरा ओवून द्यायची पाळी लावून घेतली. मावशींचे डोळे अगदी ठणठणीत होते. त्या आपल्या बघतायत.

पहिला दिवस मावशी सुखावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना शंका आली. तिसऱ्या दिवशी हिशेबनीस त्यांचा हात हातात घेऊन नुसतेच हुंदका गिळून निघून गेले, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. गेल्याच आठवड्यात कारखान्यात डॉक्टर येऊन सगळ्यांचं रक्त तपासून गेले होते. रिपोर्ट अजून यायचे होते. मावशींनी दोन आणि दोन जोडले आणि उत्तर भलतंच काढलं. आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपल्याला कोणी सांगत नाही.

आणि हे सगळं आबा आपल्या काचेच्या खोलीतून बघत होते. मावशींना पंखा, मावशींना उश्या, मावशींना लाडीगोडी. ज्यानं कारखाना उभा केला तो चाललाय तर त्याला कोणी पाणी विचारत नाही. आबांना मावशींचा राग नव्हता हो. पण माणूसच आहे, आत कुठेतरी तुटलंच. एका मोठ्या कंपनीचे लोक कधीपासून कारखाना विकत मागत होते आणि आबा त्यांना हसून वाटेला लावत होते. शुक्रवारी त्यांनी पोस्टमास्तरला आत बोलावलं.

"त्या कंपनीला मेल पाठवायचाय," ते म्हणाले. "विकायला तयार आहे, म्हणून. लिहून ठेवलाय. फक्त जाईल ना नीट, ते बघ."

पोस्टमास्तरला आपण चुकून दुसऱ्याच कारखान्यात आलोय असं वाटलं. "आबा, विकायचा? ताई काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाली. तेच तर." आबांनी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "मागचा मेल गेला तसा हाही जाऊ दे."

"मागचा कोणता?"

"आता तूही असं विचारतोस? सोमवारचा. जेवणाच्या सुट्टीतला. तू तरी वाचला असशील असं वाटलं होतं मला."

सोमवार. जेवणाची सुट्टी. पोस्टमास्तरच्या डोळ्यांपुढे ती गादी पुन्हा एकदा फुगली. खिशातून फोन काढून त्यानं जपून ठेवलेला तो तुकडा उघडला. "ज्या हातांनी इथली पहिली गादी शिवली..." एवढं त्यानं वाचलं आणि तो थांबला.

"...ते हात आता कापतात," आबांनी पुढचं तोंडपाठ म्हटलं. "म्हणजे वाचला होतास."

इथं आमच्या पोस्टमास्तरला खोटं बोलून निसटता आलं असतं. पण समोरच्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून त्याला ते जमलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. वेग कसा वाढवला, वळकटी कशी फाडली, वायर कशी निघाली, मेल कोणालाच कसा मिळाला नाही, आणि उरलेला तुकडा त्यानं मावशींच्या नावावर कसा घातला, सगळं. "तुमचा मेल मी झोपेपायी घालवला, आबा. मला माफ करा," असं म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

आबांनी समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"पण मला पोच आली होती," ते म्हणाले.

"पोच आली म्हणजे पोहोचलं असं नव्हे, आबा. नीट उतरल्याशिवाय पोच द्यायची नसते. मी द्यायला लावली. तुम्हाला वेग हवा होता."

"हो. मीच मागितला होता." मग एकदम काहीतरी उमगल्यासारखे ते पुढे वाकले. "थांब. म्हणजे कोणीच वाचला नाही? लेकीनंसुद्धा नाही?"

"कोणीच नाही."

"म्हणजे ती खरंच मिठाचंच विचारत होती?"

आबांनी चष्मा काढला आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि पोस्टमास्तरला यातलं आपल्यावर रागावणं किती आणि आनंद किती, हे काही केल्या कळेना.

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आल्या. "आबा, माझ्याशी खरं बोला," त्या म्हणाल्या. "मी मरणार आहे का?"

"मरणार नाही आहात, मावशी. राजीनामा दिलाय तुम्ही," पोस्टमास्तर म्हणाला. "म्हणजे दिलेला नाही. दिलाय तो आबांनी."

मावशी मटकन खाली बसल्या. बाहेर काचेला नाक लावून अख्खं ऑफिस उभं होतंच. ताईंना कोणीतरी बोलावून आणलं. आबांनी लेकीकडे बघितलं आणि जे एका बोटानं लिहायला त्यांना इतके दिवस लागले होते ते पाच-सहा वाक्यांत तोंडानं सांगून टाकलं.

ताई आबांच्या खुर्चीपाशी आल्या. मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला वाटलं मला नकोय? आबा, मी लहान असल्यापासून या गाद्यांवर उड्या मारतेय. तुम्ही एकदा विचारायचं होतंत." आणि चारचौघांत वडिलांच्या गळ्यात पडून त्या रडल्या. हिशेबनीसही रडले. पण ते तीन दिवस रडतच होते, त्यामुळे ते कोणी मोजलं नाही.

कंपनीला जायचा मेल आबांनी स्वतः पुसून टाकला. "आता निवृत्तीचा पुन्हा पाठवतो," ते म्हणाले. "रीतसर. पण आधी तुझं ते मशिन नीट कर."

पोस्टमास्तरनं त्याच दुपारी सर्व्हरला पूर्वीची शिस्त लावली, आणि धास्तीपोटी वर आणखी एक डिस्क जोडली. आता प्रत्येक मेल दोन ठिकाणी उतरल्याशिवाय पोच मिळायची नाही. आबांनी 'पाठवा' दाबलं. चक्र फिरायला लागलं. सगळे श्वास रोखून उभे. चक्र फिरतंय. मावशी म्हणाल्या, "मी तोवर एक उशी शिवून आणते." आबांना वाटलं बोट नीट लागलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. पोस्टमास्तर "नका, नका" म्हणेपर्यंत बोट चालूच होतं. शेवटी पोच आली, आणि सोमवारी ज्यांना एकही प्रत मिळाली नव्हती त्या सगळ्यांना आबांच्या निवृत्तीचा मेल मूठभर प्रतींत मिळाला.

पुढे पोस्टमास्तरनं तोल साधला. माणसांचे मेल सावकाश आणि नीट उतरवायचे, जाहिराती आणि असली किरकोळ खोगीरभरती वेगात सोडायची. वळकट्या त्यानं दुसऱ्या मजल्यावर हलवल्या. मावशींचा रिपोर्ट आला, ठणठणीत. पंखा मात्र त्यांनी परत दिला नाही.

महिनाअखेर आली. आबांचा निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, ताई मालकाच्या खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजच्या वेळेला, आबा दारात हजर.

"आबा, आज इकडे?" पोस्टमास्तरनं विचारलं.

"तूच म्हणालास ना, पोच आली म्हणजे पोहोचलं असं नव्हे? सगळीकडे नीट उतरलंय का, तेवढं बघून जातो."

ते जेवायच्या वेळेला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आठवडाभर हेच चाललं तेव्हा ताईंनी पोस्टमास्तरला आत बोलावलं.

"आबांचा तो मेल नक्की गेलाय ना सगळ्यांना? नीट बघितलंस?"

"दोन्ही डिस्कवर उतरलाय, ताई. एकेकाच्या खात्यात जाऊन बघितलंय. सगळ्यांना पोहोचलाय."

ताईंनी काचेतून शिवणखात्याकडे पाहिलं. तिथं आबा बाह्या सरसावून मावशींशी एका शिवणीवरून वाद घालत होते.

"सगळ्यांना नाही," ताई म्हणाल्या. "एकजण राहिलाय."